कुत्र्याचा रक्तक्षय आणि घरची शुश्रूषा

आपल्या जिल्ह्यात जनावरांविषयी बोलायचे म्हणजे शेळीपासून सुरुवात करावी लागते. २०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले, तरी शेळी उस्मानाबादीच राहिली. आम्ही मात्र आज कुत्र्याविषयी, आणि तेही त्याच्या एका विचित्र दुखण्याविषयी बोलणार आहोत. या दुखण्यात शरीर आपलेच रक्त परके समजून त्याचा नाश करू लागते.

कुत्र्याच्या रक्तातील तांबडी पेशी सुमारे ११० दिवस जगते. म्हाताऱ्या पेशी प्लीहा आणि यकृत मोडीत काढतात, अस्थिमज्जा नव्या घडवते. शरीराची संरक्षक यंत्रणा बिघडली, की ती धडधाकट पेशींवरही परकेपणाची खूण चिकटवते, आणि प्लीहा त्या खुणेच्या पेशी सरसकट मोडू लागते. अस्थिमज्जेला नवा पुरवठा सुरू करायला तीन ते पाच दिवस लागतात. तेवढ्यात कुत्रा पांढराफटक पडतो, लघवी चहाच्या रंगाची होते, डोळे पिवळे दिसू लागतात. ही खूण ओळखण्याची रक्तपरीक्षा रॉबिन कूम्ब्स यांनी दोघा सहकाऱ्यांसह १९४५ साली माणसांच्या रक्तासाठी प्रसिद्ध केली. हे कूम्ब्स शिक्षणाने पशुवैद्य होते, हे माणसांचे डॉक्टर क्वचितच सांगतात!

यंत्रणा बिघडण्याचे कारण पुष्कळदा सापडत नाही. आपल्याकडे मात्र पहिला संशय गोचिडीवर घ्यावा. आपल्या जुन्या दगडी भिंतींच्या भेगांत ती अंडी घालते आणि चावताना बबेसियासारखे रक्तातील परजीवी कुत्र्याच्या अंगात सोडते. म्हणून रक्त तपासल्याशिवाय औषधाची घाई करू नये. नुसते कुत्र्याचे अंग साफ करून भागत नाही. भिंतीच्या फटी, कुत्र्याचे पोते, ओसरीचा कोपरा, सगळेच पाहावे लागते. तालुक्याच्या दवाखान्यात सोय नसेल, तर उदगीरचे पशुवैद्यक महाविद्यालय लातूर ओलांडले की गाठता येते.

रक्त कमी म्हणून लोहाचे टॉनिक पाजणारे शेजारी फार. इथे रक्त अंगाबाहेर गेलेले नसते. मोडलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते. उणीव लोहाची नाही, आवरण्याची आहे. ते आवरण्यासाठी प्रेडनिसोलोन देतात, कधी जोडीला ॲझाथायोप्रिनसारखे दुसरे औषध, आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून क्लोपिडोग्रेल. पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. एकाएकी धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नये.

प्रेडनिसोलोनने कुत्रा सारखे पाणी पितो, रात्री दोनदा बाहेर न्यावा लागतो, अन्नावर तुटून पडतो. पाणी तोडू नये. शौच डांबरासारखे काळे दिसले, तर पोटात रक्तस्राव आहे असे समजून डॉक्टरांना कळवावे, आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या चुकूनही देऊ नयेत. ॲझाथायोप्रिनची गोळी चुरून देऊ नये. गर्भवतीने तिला हात लावू नये. रेबीजच्या लसीची तारीख याच काळात आली, तर डॉक्टरांना विचारूनच निर्णय घ्यावा. तोवर भटक्या कुत्र्यांपासून सांभाळावे.

कुत्र्याला उरलेली आमटी-भाकरी घालायची आपली रीत. त्या आमटीत कांदा-लसूण असतो, आणि तो कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. शिजवल्यानेही विष जात नाही. आजारी कुत्र्याची भाकरी बिनकांद्याच्या वरणात किंवा नुसत्या पाण्यात कुस्करावी.

आता आमची चूक सांगतो. आमचा गावठी मोत्या तिसऱ्या आठवड्यात अंगणात उड्या मारू लागला. भूक चांगली, शेपूट ताठ. घरात ठरले, आता गोळ्या पुरे. आठव्या दिवशी तो पायरी चढताना बसला. गावठी कुत्र्याच्या हिरड्या मुळात काळ्या, त्यामुळे फिकेपणा दिसलाच नव्हता. खालची पापणी ओढून पाहिली, तर आतून कागदासारखी पांढरी. गोळ्या एकदम थांबवल्याने दुखणे तर उलटतेच, शिवाय इतके दिवस बाहेरून औषध मिळाल्याने शरीराने स्वतःचे तसे द्रव्य तयार करणे जवळजवळ सोडलेले असते. उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागले, रक्तही चढवावे लागले. शेजारच्या एका दांडग्या कुत्र्याने ते दिले.

त्यानंतर आम्ही एक वही घातली. रोज सकाळी पापणीचा रंग, झोपेत मिनिटाला किती श्वास (तीसच्या आत हवेत), लघवीचा रंग, कोणती गोळी किती वाजता. दर दोन-तीन आठवड्यांनी रक्त तपासायचे आणि आकडा टिकला, तरच डॉक्टर मात्रा चौथाईने उतरवत. रक्तात पेशींचे प्रमाण निरोगी कुत्र्यात शेकडा ३७ ते ५५ असते. मोत्याचे १४ पासून ४१ वर यायला दोन महिने लागले. शेवटची गोळी सातव्या महिन्यात पडली. वही अजून खुंटीला टांगलेली आहे, आणि पापणी आम्ही अजूनही दर रविवारी पाहतो.