तिसऱ्या दिवसाची मर

पहाटे ४
कंपन्यांच्या बसगाड्या आंबेठाण रस्त्याला लागायच्या आत मी शेडमध्ये शिरतो. थर्मामीटरकडे नंतर, आधी पिल्लांकडे पाहायचं. दिव्याखाली एकमेकांवर चढली असतील तर गारठा, चिक गार्डच्या पत्र्याला चिकटून चोची वासल्या असतील तर उष्मा. आज पिल्लं सगळीकडे सारखी पसरलीत. त्यांच्या पाठीच्या उंचीवर टांगलेला पाराही ९५ फॅरनहाइटवर आहे, पहिल्या आठवड्याला हवा तेवढाच. तरी तुसावर मेलेली पिल्लं आहेत, कालच्यापेक्षा जास्त.

पहिल्या आठवड्यात शंभरामागे एखादं पिल्लू जातं, ते धरूनच चालतो. पण लॉट येऊन तिसराच दिवस आणि मर चढती. असं झालं की पोटात गोळा येतो.

पहाटे ५
मेलेली उचलताना कुठलं कुठे पडलंय ते बघत जातो. पडद्याच्या कडेलाच पडली असती तर वाऱ्यावर संशय घेता आला असता. पण ती चिक गार्डच्या सगळ्या गोलांत आहेत. जिवंतांपैकी काही डोळे मिटून, पंख सोडून उभी. एकाला उताणं धरलं. पोट फुगलेलं, बेंबी ओली, तिच्यावर काळपट खपली.

आई दारातून म्हणते, "पाण्यात काहीतरी सोड रे, बघत काय बसलास?"

तिची तगमग मला कळते. पण अँटिबायोटिक आधी पाजलं, तर प्रयोगशाळेत जंतू वाढतच नाहीत आणि मग कशानं मेली ते कायमचं गुलदस्त्यात. "काहीच कळलं नाही, लॉटच गेला" हे आमच्याकडे फार ऐकू येतं. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बाटली आधी उघडलेली असते आणि पिल्लू कुणी उघडून पाहिलेलं नसतं. कोलिस्टिन तर सर्रास ओतलं जायचं. माणसासाठी शेवटी राखून ठेवलेलं ते औषध, म्हणून केंद्र सरकारनं २०१९च्या जुलैत जनावरांसाठी बंद केलं. ते योग्यच झालं.

सकाळी ७
आजारी पण जिवंत अशी काही पिल्लं खोक्यात, नुकतीच मेलेली पिशवीत घालून बर्फावर. गोठवायची नाहीत, आतले अवयव तपासण्याजोगे राहत नाहीत. पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करून मर सांगितली. २००६ला नवापूरला आणि २०२१ला परभणीजवळच्या मुरुंब्यात आलेला बर्ड फ्लू पाहिल्यावर, कोंबड्या अचानक मरू लागल्या तर लपवायचं नाही, हे इथल्या प्रत्येकानं पाळलं पाहिजे.

तळेगाव चौकात नेहमीसारखी कोंडी. मग मोशी, भोसरी, नाशिक फाटा.

सकाळी ११
औंधची पश्चिम विभागीय रोगनिदान प्रयोगशाळा. डॉक्टरांनी पिल्लू उघडलं आणि एकेक शक्यता खोडत गेले. फुप्फुसावर पिवळट कण नाहीत, म्हणजे ओल्या तुसाच्या बुरशीचा न्यूमोनिया नसावा. गुदद्वाराला पांढरी शिट चिकटलेली नाही, काळजावर ठिपके नाहीत, म्हणजे अंड्यातून येणाऱ्या पुलोरमची शंका कमी. मग त्यांनी बलकाची पिशवी दाखवली. तिसऱ्या दिवशी ती आटत आलेली हवी. इथे ती भरलेली, हिरवट तपकिरी, आणि वास असा की मान वळवावी लागली.

"दादा, हे तुमच्या शेडमधलं नाही वाटत," डॉक्टर म्हणाले. "बेंबीतून गेलंय."

अंड्यातलं पिल्लू एकविसाव्या दिवशी बाहेर येतं, त्याच्या आधी उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि बेंबी मिटते. उबवणी यंत्रातली ऊब किंवा दमटपणा चुकला की ती नीट मिटत नाही. अंड्याला विष्ठा लागलेली असेल, ट्रे नीट धुतलेले नसतील, तर तेवढ्या फटीतून जंतू आत जातात. बहुतेक वेळा ई. कोलाय. नेमका कोणता आणि कुठल्या औषधाला दबतो, ते कल्चरवर कळेल, दोन-तीन दिवस. एकाचं दुसऱ्याला सहसा लागत नाही, हाच काय तो दिलासा. बेंबी बिघडलेली बहुतेक वाचत नाहीत, म्हणजे सगळ्यांना औषध पाजून त्यांचं भलं होणार नाही.

दुपारी ३
हॅचरीच्या सुपरवायझरला फोन. "ब्रूडिंग बघा तुमचं," हे पहिलंच वाक्य. मी त्याला भिंतीवरच्या वहीतली तापमानं वाचून दाखवली, दर तीन तासांची. मग विचारलं, पिल्लं कुठल्या ब्रीडर कळपाची, अंड्यातून कधी निघाली, गाडीत किती तास होती, हाच लॉट आणखी कुणाला दिला? बऱ्याच वेळानं त्यानं राजगुरुनगरकडचा एक शेतकरी सांगितला. त्याच्याकडेही तिसऱ्या दिवशीच मर लागलीय, बेंब्या अशाच.

संध्याकाळी ६
खोल खड्डा, चुना, वर माती. ड्रिंकर घासून धुतले. खंगलेली पिल्लं वेगळ्या गोलात काढली. बाकीच्यांची गळ्याखालची पिशवी चाचपली: मऊ, भरलेली. ती खातायत.

रात्री १०
वीज आहे, जनरेटरचं डिझेल तपासून ठेवलंय. वहीत गोलनिहाय मर लिहिली, बेंब्यांचे फोटो तारखेसकट जपले. राजगुरुनगरच्या शेतकऱ्यालाही सांगितलंय की उद्या बाटली फोडण्याआधी चार पिल्लं औंधला ने. दोघांचे अहवाल एकत्र हॅचरीपुढे ठेवायचे, मगच पैशांचं बोलायचं.