हरल्यावर तक्रार करण्यापूर्वी

बुद्धिबळाच्या पटावर दोन खेळाडू समोरासमोर बसतात तेव्हा एकमेकांचे हात, नजर, कपाळावरच्या आठ्या त्यांना दिसत असतात. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर यातले काहीच दिसत नाही. तेथे असते ते एक टोपणनाव, एक मानांकन आणि धावणारे घड्याळ. पलीकडचा माणूस स्वतःच्या डोक्याने खेळतो आहे की शेजारी दुसरा मोबाइल ठेवून त्यातल्या चाली उतरवतो आहे, हे कसे कळावे? आपल्या शाळांतील अनेक मुले आज असे ऑनलाइन डाव खेळतात. डाव हरला की पडद्यावरचे ‘रिपोर्ट’ हे बटण त्यांना खुणावते. ते केव्हा दाबावे आणि केव्हा दाबू नये, हा प्रश्न खिलाडूवृत्तीचा तर आहेच. पण त्यामागे संभाव्यतेचे थोडे गणितही आहे. ते आपण पाहू.

शंका का येते?

मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ या संगणकाने तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले. त्यासाठी खास बनवलेला अवाढव्य संगणक लागला होता. आज ‘स्टॉकफिश’ हा त्याहून कितीतरी बलवान प्रोग्रॅम साध्या मोबाइलवर फुकट चालतो. अशा प्रोग्रॅमला खेळाडू ‘इंजिन’ म्हणतात. त्याची चोरून मदत घेतली, तर कालपरवा खेळ शिकलेला मुलगाही ग्रँडमास्टरला हरवू शकेल. तेव्हा शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु हरल्यानंतर येणारी प्रत्येक शंका रास्त असते का?

मानांकनाची आजची पद्धत अमेरिकेत स्थायिक झालेले, मूळचे हंगेरीचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाड एलो यांनी बसवली. जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, ती १९७० मध्ये स्वीकारली. विजयाला एक आणि बरोबरीला अर्धा गुण धरला, तर या पद्धतीनुसार २०० मानांकनाने वरचढ असलेला खेळाडू शंभर डावांत साधारण ७६ गुण मिळवतो आणि ४०० ने वरचढ असलेला सुमारे ९१. हेच उलट बाजूने वाचले तर काय दिसते? आपल्यापेक्षा ४०० ने कमी असलेला खेळाडूही शंभर डावांत नऊ गुण मिळवणारच. ‘इतक्या कच्च्या खेळाडूने मला हरवले, म्हणजे तो लबाडच असला पाहिजे’ हा तर्क येथेच कोसळतो.

दुसरा नेहमीचा तर्क असा, की ‘त्याच्या सगळ्या चाली इंजिनशी जुळल्या’. पण आपणच वजीर फुकट दिला असेल, तर पुढच्या चांगल्या चाली कोणालाही सुचतात. शह बसल्यावर एकच चाल शक्य असेल, तर ती इंजिनशी जुळण्यात नवल ते काय? सोप्या परिस्थितीतला अचूकपणा हा लबाडीचा पुरावा होत नाही.

दिसणारे दोष आणि अनुमानाने कळणारे दोष

तक्रारीची कारणे दोन प्रकारची असतात. काही गोष्टी नोंदींतच दिसतात. डावादरम्यान शिवीगाळ करणे, हरणारा डाव सोडून न देता मुद्दाम घड्याळ संपू देणे, मानांकन घसरावे म्हणून जाणूनबुजून डावामागून डाव हरणे. याचा पुरावा तयारच असतो. मात्र, प्रतिस्पर्धी हरणारा डाव मात होईपर्यंत खेळत राहिला, तर तो गुन्हा नव्हे. डाव सोडावा असे बंधन कोणावरही नाही.

दिसणाऱ्या गोष्टीही कधी फसव्या असतात. ऑगस्ट २०२० मध्ये फिडेच्या पहिल्या ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम फेरीत भारत आणि रशिया समोरासमोर होते. निर्णायक टप्प्यावर इंटरनेटच्या बिघाडामुळे भारताच्या निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला आणि त्यांची वेळ संपली. भारताने दाद मागितली, फिडेने चौकशी केली आणि दोन्ही संघांना सुवर्णपदक दिले. घड्याळ संपले एवढेच पाहिले असते, तर खरे कारण कळलेच नसते.

इंजिनची मदत ही दुसऱ्या प्रकारात मोडते. ती दिसत नाही. अनुमानाने ओळखावी लागते. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ केनेथ रीगन यांनी या अनुमानाला संख्याशास्त्राची बैठक दिली. ते स्वतः इंटरनॅशनल मास्टर आहेत. अमुक मानांकनाचा खेळाडू अमुक अवघडपणाच्या परिस्थितीत किती वेळा सर्वोत्तम चाल शोधेल, याचा अंदाज आधी बांधायचा आणि प्रत्यक्ष खेळ त्या अंदाजापासून किती दूर जातो ते मोजायचे, असा हा मार्ग आहे. पाठ केलेल्या सुरुवातीच्या चाली यात धरत नाहीत. ऑनलाइन खेळात चालींना लागलेला वेळही पाहता येतो. माणूस साधी मारामारी क्षणात उरकतो आणि अवघड जागी अडखळतो. प्रत्येक चालीला सारखेच सात-आठ सेकंद लागत असतील, तर विचार करायला जागा आहे.

चाचणी किती भरवशाची?

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका संकेतस्थळावर १०,००० खेळाडू आहेत आणि त्यांपैकी १०० जण लबाडी करतात. आपली चाचणी १०० लबाडांपैकी ९५ जणांना पकडते आणि १०० प्रामाणिक खेळाडूंपैकी फक्त एकावर चुकून ठपका ठेवते. चाचणी उत्तमच म्हणायची! ती सर्वांना लावली तर काय होईल?

लबाडांपैकी ९५ जण सापडतील. प्रामाणिक खेळाडू ९,९०० आहेत. त्यांतील ९९ जण चुकून अडकतील. म्हणजे ठपका आलेल्या १९४ जणांपैकी निम्म्याहून अधिक निर्दोष! चाचणी वाईट नाही. प्रामाणिक माणसे संख्येने फार अधिक आहेत, म्हणून लहानसा दोषही मोठा होऊन बसतो. रोगनिदानाच्या चाचण्यांमध्ये डॉक्टरांनाही हाच प्रश्न भेडसावतो.

येथे तक्रारीचे खरे महत्त्व कळते. समजा, खेळाडू विचारपूर्वक तक्रार करतात आणि तक्रार झालेल्या १,००० जणांपैकी १०० जण, म्हणजे दहात एक, खरोखर लबाड आहेत. आता चाचणी फक्त या हजारांना लावू. लबाडांपैकी ९५ सापडतील आणि ९०० प्रामाणिकांपैकी अवघे ९ अडकतील. ठपका आलेल्या १०४ जणांत निर्दोष फक्त ९. चाचणी तीच, पण तिचा निष्कर्ष कितीतरी अधिक भरवशाचा झाला. तक्रारीने कोठे पाहायचे ते दाखवले.

पण हरलेला प्रत्येक जण रागाने बटण दाबू लागला तर? मग तक्रार झालेल्यांत लबाडांचे प्रमाण पुन्हा शंभरात एकवर येईल आणि तक्रारीला अर्थच उरणार नाही. बेजबाबदार तक्रार एका खेळाडूवर अन्याय करते, शिवाय इतरांच्या खऱ्या तक्रारींचे वजनही घटवते. आणि काळजी घेऊनही ते ९ निर्दोष उरतातच. म्हणून यंत्राच्या निष्कर्षानंतर माणसांनी डाव तपासणे आणि खेळाडूला दाद मागण्याची सोय असणे आवश्यक ठरते.

जाहीर आरोपांची किंमत

नोव्हेंबर २०२३ मध्ये माजी जगज्जेता व्लादिमीर क्रामनिक याने अमेरिकेचा हिकारू नाकामुरा याच्या ऑनलाइन कामगिरीकडे संशयाने बोट दाखवले. नाकामुराने सलग ४६ डावांत साडेपंचेचाळीस गुण मिळवले होते. हे अशक्य वाटते खरे. पण नाकामुराने असे हजारो डाव खेळले आहेत, त्यांतील पुष्कळ आपल्याहून बऱ्याच दुबळ्या खेळाडूंशी. एखादा खेळाडू असा प्रत्येक डाव जिंकण्याची संभाव्यता ९५ टक्के असेल, तर सलग ४६ डाव जिंकण्याची संभाव्यता ९ टक्क्यांहून अधिक येते. हजारो डावांत अशी मालिका कधीतरी दिसणारच. चेस डॉट कॉम या संकेतस्थळाने तपास करून लबाडीचा काहीही पुरावा नसल्याचे जाहीर केले.

क्रामनिकने पुढे अमेरिकन ग्रँडमास्टर डॅनियल नारोडित्स्की याच्यावरही वारंवार जाहीर संशय घेतला. लबाडी सिद्ध करणारा पुरावा पुढे आला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये वयाच्या अवघ्या २९व्या वर्षी नारोडित्स्कीचे निधन झाले. मृत्यूशी या आरोपांचा संबंध जोडणे योग्य नव्हे. परंतु आपण चांगले खेळू लागलो की लोक त्याचा वाईटच अर्थ लावतात, अशी खंत त्याने आपल्या अखेरच्या प्रक्षेपणात बोलून दाखवली होती. पुढे फिडेने क्रामनिकच्या वक्तव्यांचे प्रकरण आपल्या नीती व शिस्त आयोगाकडे नेले. उत्तम खेळालाच गुन्ह्याची खूण मानले, तर खेळाडूने करावे तरी काय? म्हणूनच लिचेस आणि चेस डॉट कॉम ही दोन्ही संकेतस्थळे तक्रार खासगीत करायला सांगतात आणि चर्चामंचावर कोणाचे नाव घेऊन आरोप करू देत नाहीत.

वर्गात करून पाहा

चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाने एक नाणे दहा वेळा उडवावे आणि छापे मोजावेत. आठ किंवा अधिक छापे येण्याची संभाव्यता १०२४ पैकी ५६, म्हणजे सुमारे साडेपाच टक्के असते. तेव्हा वर्गात सरासरी दोघांना तरी असा निकाल मिळेल. ‘यांची नाणी खोटी आहेत का?’ असे विचारावे. मग त्याच मुलांना तीच नाणी पुन्हा दहा वेळा उडवायला लावावीत. बहुतेकदा नवल नाहीसे होते. एका अपवादावरून निष्कर्ष काढू नये, हे फळ्यावरच्या सूत्रापेक्षा असे लवकर पटते.

त्यानंतर मुलांना तक्रारीचे नियम स्वतःच लिहू द्यावेत. आमच्या मते त्यांत एवढे तरी यावे: हरल्याबरोबर तक्रार करू नये, आधी डाव पुन्हा पाहावा आणि आपण कोठे चुकलो ते शोधावे, तरीही शंका उरली तर एकदाच, खासगीत तक्रार करावी, निर्णय तपासणाऱ्यांवर सोपवावा आणि तो येईपर्यंत त्या खेळाडूला मित्रांतसुद्धा लबाड म्हणू नये.