घसरण : पायांखालची व भूगर्भांतील

आमच्या इस्लापूरच्या बाजूस पावसाळ्यांत काळ्या मातीच्या वाटेवर बैल घसरतो, सहस्रकुंडाच्या शेवाळलेल्या कातळावर माणूस घसरतो, आणि विहिरीची कड ढासळते. हे प्रकार भिन्न दिसले तरी त्यांचें मूळ एकच आहे. ओढणारा जोर धरून ठेवणाऱ्या पकडीपेक्षां अधिक झाला कीं वस्तु सुटते.

पकड सैल करण्याचें काम बहुधा पाणी करतें. काळी माती पाणी पिऊन फुगते व गुळगुळीत होते. मग वाट पाय धरीत नाहीं. थंड देशांत बर्फावर माणसें पडतात त्याचें कारणही असेंच आहे. बर्फाच्या पृष्ठभागीं पाण्यासारखा अति पातळ थर असतो.

डोंगरावर हेंच मोठ्या प्रमाणावर घडतें. मुरलेल्या पावसानें मातीचें वजन वाढतें, आणि कणांमधील पाण्याचा दाब त्यांची पकड सोडवितो. पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव ता. ३० जुलै २०१४ रोजीं दरडीखालीं गाडलें गेलें व १५० हून अधिक माणसें दगावलीं. उतारावर नवी भेग पडणें, झाडें कलणें, झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ होणें, हीं पूर्वचिन्हें होत. तीं दिसल्यावर तेथें एक रात्रही राहूं नये.

तिसरी घसरण भूगर्भांतील. खडकांत ज्या भेगांवरून एक बाजू दुसरीवर सरकते, त्यांस भ्रंश म्हणतात. भारताची भूमि उत्तरेस हिमालयाकडे रेटली जात आहे. त्या रेट्यानें भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक दाबले जातात, परंतु घर्षणामुळें अडून राहतात. ताण सांचत जातो व एके क्षणीं पकड सुटते, तोच भूकंप. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर जिल्ह्यांतील किल्लारी येथें असेंच घडलें. तीव्रता ६.२ होती, सुमारें १० हजार माणसें गेलीं. ता. २१ मार्च २०२४ रोजीं हिंगोली जिल्ह्यांत झालेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेडकडेही जाणवला.

किल्लारीस माणसें मारलीं तीं मुख्यतः घरांनीं. दगड-मातीच्या जाड भिंतींचे आंतले व बाहेरचे थर एकमेकांस बांधलेले नव्हते. हादऱ्यासरशीं दगड घसरले आणि मातीचें जड माळवद निजलेल्यांवर आलें. पडझडीचे पंचनामे लिहितांना आम्हांसही वारंवार दिसलें कीं, भिंत पडण्यापूर्वीं तिला पोट आलेलें असतें.

भूमि सरकणें आपल्या हातीं नाहीं. पकड वाढविणें आहे. भिंत बांधतांना ठिकठिकाणीं आरपार जाणारे लांब दगड घालावे. पायाशीं व दारांच्या माथ्यावर लोखंडी सळ्यांचा सलग पट्टा सर्व भिंतींवरून फिरवावा. माळवदावर दरसाल माती चढवूं नये. विहिरीच्या कडेस मातीचा ढीग घालूं नये, आणि पावसाचें पाणी चर काढून दूर वळवावें. पोट आलेल्या भिंतीखालीं अंथरूण घालूं नये. तिची दुरुस्ती मृगापूर्वींच करून घ्यावी.