तीन पैसे आणि तीस सेकंद (लेखमाला : मोबाइलमधला जुगार, भाग ४)

मागच्या भागात मटक्याचा हिशेब मांडला होता. कल्याणजी भगत यांनी १९६२ साली आणि रतन खत्री यांनी १९६४ साली मुंबईत जो बाजार उभा केला, त्यात एकेरी आकड्यावर लावलेला रुपया लागला तर नऊ रुपये मिळतात. आकडे दहा, म्हणजे रुपयामागे सरासरी दहा पैसे बाजार चालवणाऱ्याचे. आज बीड, गेवराई, माजलगाव, परळीकडच्या पोरांच्या मोबाइलवर जो ‘विमानाचा गेम’ दिसतो, त्यात चालवणाऱ्याचा वाटा रुपयाला फक्त तीन पैसे सांगितला जातो. तरीही तो मटक्याच्या कितीतरी पट वेगाने खिसा रिकामा करतो.

खेळ दिसायला अगदी सोपा. तुम्ही रक्कम लावता, विमान उडतं आणि पडद्यावरचा आकडा १.०० पासून वर सरकू लागतो : १.२०, १.८५, २.४०. आकडा चालू असताना ‘कॅशआउट’ दाबलं तर लावलेल्या रकमेला त्या क्षणीच्या आकड्याने गुणून पैसे मिळतात. दाबायच्या आत विमान उडून गेलं की सगळी रक्कम गेली. कधीकधी ते १.०० वरच जातं, तेव्हा बटणापर्यंत बोट नेण्याचीही सवड नसते. बिटकॉइनवर चालणाऱ्या ‘बस्टाबिट’ या संकेतस्थळाने २०१४ च्या सुमारास हा प्रकार रूढ केला. जॉर्जियातल्या ‘स्प्राइब’ कंपनीने २०१९ मध्ये त्याला विमान लावलं, ‘एव्हिएटर’ हे नाव दिलं, आणि मग त्याच्या नकला गल्लोगल्ली पोचल्या.

आता ९७ हा आकडा धरा. कंपनीने जाहीर केलेला परतावा ९७ टक्के आहे. यावरून पुढचं सगळं गणित निघतं, आणि त्यासाठी सातवीतला भागाकार पुरतो. विमान एखाद्या आकड्यापर्यंत पोचण्याची शक्यता काढायची तर ९७ ला त्या आकड्याने भागा. दोन एक्सपर्यंत, म्हणजे दुपटीपर्यंत, पोचण्याची शक्यता ४८.५ टक्के. दहा एक्सपर्यंत ९.७ टक्के. शंभर एक्सपर्यंत एक टक्काही नाही. आता उलटं करा. शंभर वेळा शंभर रुपये लावून दर वेळी दोन एक्सला उतरलात, तर सरासरी ४८.५ वेळा २०० रुपये येतील, म्हणजे दहा हजारांतले ९,७०० परत. दहा एक्सला उतरलात तर ९.७ वेळा हजार, पुन्हा ९,७००. लवकर उतरा, उशिरा उतरा, मधेच कुठेही उतरा, हिशेब तिथेच येतो. बोट चपळ असणाऱ्याला यात जास्त मिळतं हा समज मुळातच चुकीचा आहे. बटण तुमच्या हातात दिलंय म्हणून नशीब तुमच्या हातात आलंय असं वाटतं, आणि माझ्या मते या खेळातली सगळ्यात धोकादायक गोष्ट हीच आहे.

मग शंभरातले तीनच रुपये जातात तर माणूस बुडतो कसा? फेऱ्यांच्या वेगामुळे. मटक्याच्या एका बाजारात दिवसाला दोनच सोडती : एक ओपन, एक क्लोज. दोन्हीवर शंभर-शंभर लावले तर सरासरी तोटा वीस रुपये, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. विमानाची एक फेरी अर्ध्या मिनिटाची धरली तर तासाला १२० फेऱ्या होतात. दर फेरीला शंभर रुपये लावणाऱ्याने तासाभरात १२ हजार रुपये फिरवले. त्याचे तीन टक्के, म्हणजे ३६० रुपये. महाराष्ट्रात रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. दिवसभर उन्हात खोदकाम करून मिळतात त्याहून जास्त पैसे सरासरीने एका तासात जातात, तेही खेळ प्रामाणिक असेल तर. शिवाय जिंकलेले पैसे खात्यावर परत न घेता तिथेच पुन्हा लावले जातात, त्यामुळे तेच पैसे तीन टक्क्यांच्या त्याच चाळणीतून पुन्हा पुन्हा जात राहतात.

एक हजार रुपये घेऊन बसलेला, दर फेरीला शंभर लावणारा आणि दोन एक्सला उतरणारा मुलगा घ्या. शून्यावर येण्याआधी त्याचे दोन हजार होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के आहे. पाच हजार होईपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं, तर ती चार टक्क्यांवर येते. म्हणजे असे शंभर जण बसले तर साधारण चौघे पाच हजार घेऊन उठतील आणि शहाण्णव जण रिकाम्या हाताने. चौकात बोलबाला त्या चौघांचाच होतो. शहाण्णव जण घरीसुद्धा बोलत नाहीत.

‘हरलं की डबल लाव, कधीतरी लागेलच’ हा सल्ला तर सर्रास दिला जातो. शंभर, दोनशे, चारशे असं सात वेळा लागोपाठ हरलं की १२,७०० रुपये गेलेले असतात आणि आठव्या वेळी आणखी १२,८०० लावावे लागतात, तेही मुळात शंभर रुपये जिंकण्यासाठी. सलग सात वेळा हरणं दुर्मीळ वाटतं. पण १२० फेऱ्यांच्या एका तासात अशी माळ निदान एकदा लागण्याची शक्यता शंभरात चाळीसच्या आसपास आहे. मागच्या फेऱ्यांचे आकडे वर पट्टीत दाखवलेले असतात, त्यावरून ‘आता मोठा येणार’ असा अंदाज बांधणंही व्यर्थ आहे. प्रत्येक फेरी स्वतंत्र असते.

पडद्याची मांडणीही समजून घ्या. बाजूला इतरांनी किती लावले, कोण कितीला उतरलं याची यादी सतत सरकत असते. तुम्ही १.५० ला उतरलात तरी विमान पुढे जाताना दिसत राहतं, वीसपर्यंत गेलं तर तेही दिसतं. त्यामुळे जिंकलेल्यालाही काहीतरी गमावल्यासारखं वाटतं. एकाच फेरीत दोन डाव लावायची सोयही दिलेली असते, म्हणजे पैसे फिरायचा वेग आणखी दुप्पट.

टेलिग्रामवर विमान कितीला उडून जाईल हे आधी सांगणारी ‘प्रेडिक्टर’ ॲप विकली जातात. मूळ खेळात निकाल असा ठरतो : कंपनीची एक गुप्त संख्या आणि त्या फेरीत सर्वांत आधी डाव लावणाऱ्या तिघांकडून आलेल्या संख्या एकत्र करून गणिती सूत्रातून आकडा काढतात. कंपनी आपल्या गुप्त संख्येचा ‘हॅश’ आधीच दाखवते. उत्तर लिहिलेलं पाकीट सीलबंद करून आधीच टेबलावर ठेवावं, तसं हे आहे. नंतर पाकीट फोडून ताडून पाहता येतं, पण आधी आत काय आहे ते बाहेरच्या कुणालाच वाचता येत नाही. म्हणून प्रेडिक्टर विकणारा प्रत्येक जण फसवतोय, यात शंका ठेवू नका. आणि हॅश जुळला म्हणजे एवढंच कळतं की निकाल नंतर बदलला नाही. तीन टक्के तरीही कापले जातातच.

हे झालं मूळ खेळाचं. गावात व्हॉट्सॲपवरून मिळणाऱ्या लॉगिन आयडीमागे कुठलं सॉफ्टवेअर आहे हे खेळणाऱ्याला कळत नाही. आणि या धंद्यात किती पैसा फिरतो ते पाहा. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गमावल्याची तक्रार दिली. पोलिसांनी गोंदियात बुकीच्या घरावर छापा घातला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं सापडलं. भिलाईच्या तरुणांनी दुबईतून चालवलेल्या ‘महादेव’सह सट्टेबाजीच्या २२ ॲप आणि संकेतस्थळांवर केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घातली. त्याच महादेव ॲपचे धागे परळीपर्यंत आल्याचा आरोप आष्टीचे आमदार सुरेश धस यांनी डिसेंबर २०२४ मध्ये जाहीरपणे केला.

बीडमध्ये मला सर्वांत जास्त काळजी ऊसतोड कामगारांच्या उचलीच्या पैशांची वाटते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, आगाऊ उचल मिळते. दोघांच्या पुढच्या सहा महिन्यांच्या मेहनतीची ती रक्कम एकदम घरात येते. पैसे हातात आणि कारखान्याची गाडी निघायला अजून अवधी, या दिवसांत घरातल्या एकाच्या मोबाइलवर विमान उडू लागलं, तर रक्कम एका रात्रीत जाऊ शकते. मुकादमाच्या वहीतली उचल मात्र तशीच राहते. ती फेडायला दोघांनाही फडात उतरावंच लागतं, आणि खेळलेली नसते ती बाई निम्मं कर्ज स्वतःच्या अंगाने फेडते.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या केंद्रीय कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी त्यात तरतूद आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. म्हणून पोराने हरल्याचं घरात सांगितलं, तर आधी त्याला मारू नका, हाकलू नका. व्यवहारांचे स्क्रीनशॉट जपा, बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तो खचलेला दिसला तर १४४१६ हा ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

हरलेले पैसे ज्या खात्यांतून पुढे सरकतात, ती अनेकदा खेड्यातल्या गरीब पोरांच्या नावावर भाड्याने घेतलेली असतात. पुढच्या आठवड्यात त्या खात्यांविषयी. तोवर कुणी चार-पाच हजारांचं आमिष दाखवून पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम मागितलं, तर देऊ नका.