धूर दिसल्यावर कोण उठतं?

भिलाईतल्या जुनवानीत श्री शंकराचार्य टेक्निकल कॅम्पस आहे. तिथे इंजिनिअरिंगबरोबर एमबीएही शिकवलं जातं. अशा ठिकाणी शिकून उद्योगात पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना नेतृत्व म्हटलं की भाषण आणि रुबाब आठवतो. मला मात्र एक जुना प्रयोग आठवतो.

१९६८ साली बिब लाटाने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थ्यांना प्रश्नावली भरायला बसवलं आणि खोलीत धूर सोडला. एकटे असलेल्यांपैकी ७५ टक्के उठून सांगायला गेले. शेजारी दोघं मुद्दाम निर्विकार बसवल्यावर फक्त १० टक्के उठले! ही माणसं भित्री नव्हती. काय चाललंय हे कळेना, म्हणून प्रत्येक जण इतरांचे चेहरे वाचत होता आणि ते शांत दिसत होते.

कंपनीच्या बैठकीत हेच घडतं. हिशेबातली गडबड, सुरक्षेतली हयगय सगळ्यांना दिसते, पण पहिला बोलणारा सापडत नाही. भिलाईसारख्या पोलादाच्या गावात अशा गप्प बसण्याची किंमत जिवाने मोजावी लागू शकते.

दिलासा असा, की पहिलं बोलणं शिकता येतं. १९७८ मध्ये आर्थर बीमन आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना इतरांकडे पाहून गप्प राहण्याच्या या परिणामाची माहिती आधी दिली. नंतर वाटेत कुणी पडलेलं दिसलं तेव्हा तेच अधिक प्रमाणात मदतीला थांबले. स्टॅनफर्डच्या तुरुंग-प्रयोगामुळे गाजलेले फिलिप झिम्बार्डो पुढे याच वाटेने गेले. सामान्य माणसाला धाडसाचा सराव देणारा त्यांचा ‘हिरोइक इमॅजिनेशन प्रोजेक्ट’ व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांतही हवा, असं मला ठामपणे वाटतं.