जुना भाव वाचताना

घरातली जुनी ट्रंक उघडावी आणि तळाशी आजोबांच्या नावाची गुळाची पट्टी निघावी. शाहुपुरीतल्या कुणा अडत्याने दिलेली. त्याच आठवड्याचे वर्तमानपत्राचे कात्रणही सोबत असले, की घरात बोलणे निघतेच, "पेपरात भाव एवढा, आणि आजोबांच्या हाती एवढेच? अडत्यानं बुडवलंच म्हणायचं!" असा राग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पण आरोप करण्याआधी कागद नीट वाचला पाहिजे.

पट्टीवर १२-८-० असे असेल तर ते बारा रुपये ऐंशी पैसे नव्हेत बरं का! रुपये, आणे, पै असा तो क्रम. सोळा आण्यांचा रुपया, तेव्हा भाव झाला साडेबारा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, त्यानंतरचे १२.८० मात्र खरोखरच बारा रुपये ऐंशी. मग मण कोणता ते पाहावे. चाळीस शेरांचा बंगाली मण सुमारे ३७.३ किलोचा, मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा.

पण खरी मेख पुढेच आहे. भाव बोलला जातो, सौदा होतो. वर्तमानपत्रातल्या 'अमुक ते अमुक' यातला वरचा आकडा पिवळ्याधमक, कडक गुळाचा. तो किती रव्यांना मिळाला, हे बहुधा छापलेले नसते. दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताचा भाव तर मानाचा! त्यावरून हंगाम मोजू नये. पट्टीवर मात्र रवे, वजन, दर असतो, आणि खाली अडत, हमाली, तोलाई वजा. कित्येकजण हातात पडलेली रक्कम वजनाने भागतात आणि भाव कमी म्हणतात. वजावट आधी परत मिळवा, मग भागा.

मुंबईच्या शेअरांचे जुने आकडेही असेच फसवतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापूस महागला, त्या तेजीत बॉम्बे बँकेचा ५०० रुपयांचा शेअर २,८५० वर गेला, आणि १८६५ च्या पडझडीत ८७ वर आला. पण २,८५० वाचून कुणाच्या तिजोरीत तेवढे पडले असे समजू नये. त्या काळचे पुष्कळ सौदे वायद्याचे, पैसे १ जुलै १८६५ ला चुकते करायचे. तो दिवस उजाडला तेव्हा कित्येक देणेकऱ्यांपाशी द्यायला काही उरलेच नव्हते.

आता आजोबांकडे वळू. सारा हिशेब करूनही तफावत उरली तर? पूर्वी कित्येक बाजारांत रुमालाखाली बोटे धरून भाव ठरत. शेतकरी समोर उभा, पण त्याला काही दिसत नसे. हुकलेली बोली कागदावर आलीच नाही, म्हणून एकट्या पट्टीवरून अडत्याला चोरही ठरवता येत नाही आणि साधूही. भावकीत कुणाकडे त्याच दिवसाची, तशाच प्रतीच्या गुळाची पट्टी असेल तर मागून आणा. दोन्ही शेजारी ठेवा, आणि दराच्याही आधी वजनाचा रकाना पाहा.