पूर्वीपासून करत होता तसंच

मुलांनो, दानीएलाची गोष्ट कोण सांगेल, असं विचारलं की वर्गातले सगळे हात एकदम वर जातात. गुहा, भुकेले सिंह, देवदूत आला, सिंहांची तोंडं बंद झाली... सगळं अगदी तोंडपाठ! पण सिंह येण्याआधी या गोष्टीत एक लहानशी नोंद आहे. ती मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही.

दानीएल यहूदी. लहान वयातच त्याला यरुशलेमहून बाबेलला धरून नेलं होतं. ही गोष्ट घडली तेव्हा तो चांगला म्हातारा झालेला होता. (चित्रांत त्याला काळ्याभोर केसांचा तरुण का दाखवतात कोण जाणे!) दारयावेश राजाच्या दरबारात त्याचा हुद्दा मोठा, त्यामुळे त्याच्यावर जळणारेही पुष्कळ. त्यांनी राजाकडून एक फर्मान काढून घेतलं. ३० दिवस राजाखेरीज कुठल्याही देवाकडे किंवा माणसाकडे काही मागायचं नाही. मागेल त्याची रवानगी सिंहांच्या गुहेत!

फर्मानावर सही झाल्याचं दानीएलाला कळलं. तो घरी गेला. माडीवरच्या खोलीच्या खिडक्या यरुशलेमच्या दिशेला उघडत. तिथे दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून त्याने प्रार्थना केली आणि देवाचे आभार मानले. आता ती लहानशी नोंद ऐका. हे सगळं त्याने पूर्वीपासून करत होता तसंच केलं.

आभार! मरणाची तयारी झालेली, आणि हा गृहस्थ आभार मानतोय. हे त्याला त्याच दिवशी सुचलं असतं का? मला नाही वाटत. तुम्हाला कुणी मध्यरात्री हलवून उठवलं आणि विचारलं, 'बारा साते?' तर डोळे मिटलेले असतानाच तुम्ही 'चौऱ्याऐंशी' म्हणाल. कारण पाढे रोज म्हटलेले आहेत. दानीएलाचंही तसंच.

आता आपल्याकडे पाहू. जेवणाआधी आपणही प्रार्थना म्हणतो. कधी कधी ती एक्सप्रेस गाडीसारखी धावते आणि एक डोळा ताटातल्या भज्यांवर असतो. असू दे. शब्द रोज तेच असले की असं होतंच. म्हणून संडे स्कूलमध्ये मी मुलांना एक अट घालते : काल घडलेली आणि परवा न घडलेली एकच गोष्ट सांगायची आणि तिच्यासाठी देवाचे आभार मानायचे. 'अन्नवस्त्रासाठी' असं मोघम चालणार नाही. एकाने सांगितलं, सायकलची चेन उतरली होती, ती अनोळखी काकांनी बसवून दिली. एकीच्या आजीचा ताप उतरला होता. एक मुलगा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, 'काल बाबा ओरडले नाहीत.' वर्ग एकदम शांत झाला.

तुम्ही विचाराल, दिवसच वाईट गेला तर? गणितात नापास झालो, तर त्याचेही आभार मानायचे? नाही. पौलाने प्रत्येक परिस्थितीत आभार माना, असं लिहिलं. प्रत्येक दुःखाबद्दल माना, असं नाही. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्या ग्रंथाचं हिब्रू नाव तेहिल्लीम, म्हणजे स्तुती. पण उघडून वाचा, कितीतरी स्तोत्रांत रडणं आहे, तक्रार आहे. तेराव्या स्तोत्राची सुरुवात 'आणखी किती दिवस?' अशा हाकेने होते आणि शेवट गाण्याने. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. तरी त्याला स्तुतीच्या ग्रंथात जागा आहे! तेव्हा देवापुढे खोटं हसू आणायची गरज नाही.

दानीएलासारखाच एक माणूस फार पुढच्या काळात जर्मनीत होऊन गेला. मार्टिन रिंकार्ट (१५८६-१६४९) हा आयलेनबुर्ग गावचा पाळक. तिथे १६१८ ते १६४८ असं ३० वर्षं युद्ध चाललं होतं. १६३७ मध्ये गावात प्लेगची साथ आली. अखेर मेलेल्यांना मूठमाती द्यायला पाळक म्हणून तो एकटाच उरला. त्या वर्षी त्याने चार हजारांहून अधिक माणसांना पुरलं. त्यांत त्याची पत्नीही होती. त्याच युद्धाच्या काळात त्याने जेवणाच्या वेळी म्हणायला एक आभाराचं गीत लिहिलं. आज ते जगभरच्या देवळांत गायलं जातं, पण लिहिलं ते घरच्या ताटासाठी.

आई-बाबांनो, थोडं तुमच्याशी. मुलांना 'चल, आभार मान' असं फर्मावू नका. तुमच्या दिवसातली एक गोष्ट त्यांच्या कानावर पडेल अशी देवाला सांगा. वेळ मात्र ठरलेली हवी; दिवे लागल्यावर किंवा अंथरूण घातल्यावर. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) आपल्या मराठीत किती भजनं आणि अभंग लिहून ठेवलेत! एखादं रोज म्हणा. घरात पेटी नसली तरी अडत नाही, टाळ्या पुरतात.